एकाच मापाच्या नऊ लाल सॅक

पहिली

पहिली पाठीवर घेतली आणि लगेच काढली. रंग आवडला नाही म्हणून. नाही, रंगाचं काही नव्हतं. आरशात मी वाकलेली दिसले, म्हणून काढली.

गुरुवार, सकाळचे साडेदहा, जोंगनोची पाचवी गल्ली. इथे औषधांच्या दुकानांची रांग संपते आणि डोंगराच्या दुकानांची सुरू होते. आधी गुडघ्याचं मलम घ्यायचं, मग बूट. मी मलम घेऊनच आले होते.

"कशी हवी?" दुकानाचे गुक मालक म्हणाले. सत्तरीचे, चष्मा कपाळावर, बोटांना गोंदाचे डाग.

"साठ लिटर. लाल असेल तर बरं."

"कुठे निघालात, ताई?"

"जिरीसान डोंगर. पूर्ण धार. दोन रात्री, तीन दिवस."

"किती जण?"

"आठ."

"आणि त्या आठही जणांना तुम्ही पाठीवर नेणार?"

मी हसले नाही. मला घाई होती. घाई कसली ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हीही माझ्यासारखे अस्वस्थ व्हाल.

आमच्या पहाटतारा गिरिमंडळाचा एक नियम आहे. लांबच्या वाटेला निघण्याआधीच्या रविवारी सगळ्यांनी भरलेली सॅक पाठीवर घेऊन सुयूदोंगच्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या. एकशे बारा पायऱ्या, दोन वळणं. मध्ये सॅक उतरवली तर धारेवर यायचं नाही. आपली सॅक आपल्या पाठीवर. हा नियम मी केला. मी प्यो गुमरान, वय त्रेसष्ट, मंडळाची गेली अकरा वर्षं कारभारीण. आणि पंधरा दिवसांपूर्वी, एका मंगळवारी, कुणी नसताना मी त्याच पायऱ्यांवर सराव करत होते तेव्हा दुसऱ्या वळणावर पडले.

पडले म्हणजे बसले. मागच्या मागे, कासवासारखी, पाय वर. वरून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याने हात देऊन उठवलं, सोललेली काकडी दिली आणि विचारलं, "घरी कुणी आहे ना?"

रविवारला तीन दिवस होते.


दुसरी

दुसरी बरी होती. हिरवी, पासष्ट लिटर, वरचं झाकण सुटं होणारं. गुक मालकांनी तिच्यात वाळूच्या तीन थैल्या टाकल्या, चार चार किलोच्या, आणि म्हणाले, "जिना चढा. वर गोदाम आहे. खिडकीतला कॅक्टस बघून खाली या."

"घेतल्यावर चढणारच आहे की."

"घेण्याआधी चढा. माझ्या दुकानात सॅक आरशात बघायची पद्धत नाही."

चढले. कॅक्टस बघितला. खाली आले. खांद्यावर तीच जुनी जागा दुखायला लागली होती, मानेपासून चार बोटं खाली, जिथे आता रोज रात्री मलम लागतं.

"कसं वाटलं?"

"छान."

"मग चेहरा असा का?"

"चेहरा असाच आहे."

"आता पुन्हा चढा. या वेळी कॅक्टसला किती फांद्या आहेत ते मोजून या."

म्हणजे पहिल्यांदा मी बघितला नव्हता हे त्यांना कळलं होतं.


चौथी

तिसरीबद्दल नंतर सांगते.

चौथी लाल होती. पाठीवर घेण्याआधीच फोन वाजला. योनही. मंडळातली सर्वांत धाकटी, म्हणजे एकोणपन्नास. ती मला ओन्नी म्हणते, मी माझ्याहून मोठ्यांना ओन्नी म्हणते. आमच्या मंडळात प्रत्येक बाईच्या डोक्यावर एक मोठी बहीण बसलेली असतेच.

"ओन्नी, मांस किती घेताय?"

"तीन किलो."

"तीन? कप्तान एकटे एक किलो खातात. चार घ्या. गोठवून घ्या, म्हणजे किमचीपण गार राहील. आणि किमची नेहमीची, तुमच्या हातची, मोठा डबा. आणि त्या पानांचं लोणचं. आवाज का असा येतोय? कुठे आहात?"

"दाताच्या डॉक्टरकडे."

"बरं, मग बोलू नका, ऐका. जागेचं काय केलंत? धारेवरच्या दोन्ही निवाऱ्यांवर अजून नऊच दिसतायत. आपण आठ आहोत. रद्द करायची ना एक?"

"करते."

"महिन्याभरापासून करताय."

"डॉक्टर बोलावतायत," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

गुक मालक माझ्याकडे बघत होते. "दात काढायचाय की सॅक घ्यायचीय?"

चौथी मी पाठीवर घेतलीच नाही.


पाचवी, सहावी

पाचवी बायकांची म्हणून वेगळी बनवलेली होती. तिच्यावर फूल होतं. सहावी इतकी हलकी होती की तिला पाठच नव्हती, नुसतं कापड. ज्यांना तीन दिवस सुके बदाम खाऊन चालायचं असतं त्यांच्यासाठी. मी विचारलं, यात किमचीचा डबा कुठे बसतो. मालकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी.

"ताई, आता तिसरीकडे वळायचं का परत? की अजून फिरायचंय?"


तिसरी

ठीक आहे. तिसरी.

तिसरी करडी होती. अडतीस लिटर. मी बघूनच म्हणाले होते, ही शाळेच्या दप्तराएवढी आहे. मालकांनी गळ्यातली मापाची पट्टी काढली होती.

"मान खाली घाला. अजून. मानेच्या मुळाशी जे हाड टोचतं, ते हे. इथून सुरू. आता कमरेवर हात ठेवा, भांडायला उभ्या राहिल्यासारखे. हां, हे तर लगेच जमलं. अंगठे मागे. दोन अंगठ्यांच्या मधून आडवी रेघ धरायची. तिथपर्यंत."

पट्टी पाठीवरून सरकली. थंड होती. कुणी माझी पाठ मोजल्याला किती वर्षं झाली असतील? शाळेच्या गणवेशानंतर कुणी मोजली नसावी.

"एकोणचाळीस."

"म्हणजे?"

"म्हणजे एकोणचाळीस सेंटिमीटर. पायांची उंची सॅकला कळत नाही, पाठीची कळते. आत्ता वापरता ती कुठली?"

मी फोनमधला फोटो दाखवला. चोन्वांग शिखरावरचा. नऊ माणसं, नऊ लाल सॅक, सगळे कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे, म्हणजे सॅक दिसाव्यात. सहा वर्षांपूर्वीचा. तो फोटो मंडळाच्या कॅलेंडरवर आहे, माझ्या फ्रिजवर आहे, कप्तानांच्या गाडीत आहे.

मालकांनी बोटांनी फोटो मोठा केला. माणसांकडे बघितलंच नाही. सॅकच्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

"ही सॅक एकाच मापाची येते. पाठ शेहेचाळीस. खालीवर सरकत नाही. हा मधला उंच माणूस कोण?"

"म्योंग कप्तान. बस चालवायचे."

"यांना बसते. बाकी कुणाला बसत नाही. हे बघा, पट्टा खांद्यावर टेकायला हवा, इथे खांदा आणि पट्टा यांच्यामधून हात जाईल. कमरपट्टा हाडावर हवा, तो ढुंगणावर आहे. मग वजन कमरेवर येत नाही. येतं कुठे? खांद्यावर, आणि मागे. सॅक मागे झुकते, माणूस पुढे वाकतो. सपाटीवर चालून जातं. पायऱ्यांवर..." त्यांनी फोन परत दिला. "पायऱ्यांवर कुणीतरी मागून ओढतंय असं वाटतं ना?"

मी खुर्चीवर बसले.

"पूर्वी नव्हतं होत," मी म्हणाले. "सहा वर्षं घातली मी ती. गेल्या वर्षापासून व्हायला लागलंय."

"सहा वर्षांपूर्वी तुमची पाठ बेचाळीस असेल, त्रेचाळीस असेल. रेटून नेत असाल. या वयात माणूस आटतो, ताई. सॅक आटत नाही."

करडी त्यांनी माझ्या पाठीवर चढवली. आधी सगळे पट्टे ढिले केले. मग कमरपट्टा हाडाच्या वर आणून आवळला, मग खांदे, मग खांद्यावरून मागे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छाती, तोही श्वास अडणार नाही इतकाच. तीच वाळू. तेच बारा किलो. मी वाट बघत राहिले.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. खरंच काही होत नव्हतं. तेच सहन होत नव्हतं. मी ती काढली आणि म्हणाले, चौथी दाखवा.

म्हणून तिसरी मध्येच राहिली होती. कारण 'कुणीतरी मागून ओढतंय' हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्दाला शब्द.


लाल

एकत्र खरेदी म्हणजे काय ते आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. एकीला टोपी आवडली की दहा टोप्या येतात. तेव्हा नऊ सॅक आल्या. मी ठरवल्या. एकच रंग, एकच माप, म्हणजे फोटो छान येतो आणि कुणाचं सामान कुणाच्याही सॅकमध्ये टाकता येतं. नऊ जणांपैकी एकीनेच तोंड उघडलं होतं.

सोल इन्दोक. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, माझ्याहून वीतभर बुटकी. सांगमुनच्या बाजारात तिचं कपडे उसवून मापाचे करून देण्याचं दुकान आहे. तिने लाल सॅक पाठीवर घेतली, हात मागे नेऊन चाचपली आणि म्हणाली, "गुमरान, ही माझ्या मापाची नाही."

मी म्हणाले, "ओन्नी, सॅक म्हणजे पँट नव्हे."

सगळे हसले. तीही हसली. आणि पाच वर्षं ती सॅक घेऊन आमच्यामागून चालली. मागूनच. आम्ही म्हणायचो, इन्दोक ओन्नीला फुलं बघायची सवय आहे.

गेल्या शरद ऋतूत, रविवारी, त्याच पायऱ्यांवर, दुसऱ्या वळणावर ती थांबली. कठड्याला धरलं. म्हणाली, "पाय ठीक आहेत माझे. कुणीतरी मागून ओढतंय." आणि सॅक उतरवली.

कप्तान वर बघायला लागले. योनहीने पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण नियम माझा होता.

मी म्हणाले, "ओन्नी, नियम म्हणजे नियम."

अजून काहीतरी म्हणाले असते तर बरं झालं असतं. नाही म्हणाले.

आम्ही आठजण धारेवर गेलो. परत आल्यावर मी फोनवरच्या गटात फोटो टाकले. त्याखाली ओळ आली: सोल इन्दोक यांनी गट सोडला. फोन केले. दोनदा. दोनदाच. त्यानंतर हिवाळा आला, मग वणव्याच्या भीतीने धार बंद झाली, मे महिन्यात उघडणार म्हणून मी जागा घेतल्या. सवयीने नऊ घेतल्या. ती एक जागा रद्द करायला रोज बसायचे आणि रोज उठायचे.


करडी

घेतली. तिसरीच. मालकांनी वाळू काढली, पट्ट्यांवर खडूने खुणा केल्या आणि म्हणाले, "वजन वाढलं तरी या खुणेच्या पुढे ओढू नका. आणि यात ते फोनवरचं चार किलो मांस मावत नाही."

"मग लोक खाणार काय?"

"लोकांना पाठ आहे का?"

"आहे."

"मग."

भुयारी रेल्वेने घराकडे जायला निघाले आणि सांगमुनला उतरले. उतरायचं ठरवलं नव्हतं. दार उघडलं, उतरले. करडी सॅक रिकामी, पाठीवर, तिच्यावरची किमतीची चिठ्ठी कानाशी फडफडत.

इन्दोकचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक इस्त्री, एक पडदा. पँट तोंडाशी धरून ती दाताने दोरा तोडत होती. मला बघितलं. दोरा तोडून झाल्यावरच बोलली.

"सॅकला चिठ्ठी लटकतेय. चोरून आणलीस का?"

"ओन्नी."

"बस. तिथे नको, तिथे इस्त्री गरम आहे. जेवलीस?"

"हो."

"खोटं बोलतेस." तिने मशीनखालून रताळं काढलं, अर्धं मोडून दिलं. मी ते हातात धरून बसले. मला बसवत नव्हतं. मी उठले, पुन्हा बसले. मग सगळं सांगितलं, तुटक, उलटसुलट: एकोणचाळीस, शेहेचाळीस, बेचाळीस, फोटोतले पट्टे, मंगळवारी मी पडले ते, काकडी. शेवटी म्हणाले, "पाय ठीक होते तुमचे. सॅक चुकीची होती. मी घ्यायला लावलेली."

"हे कळायला तुला जोंगनोला जावं लागलं?"

मी रताळ्याची साल सोलायला लागले.

"मी चाळीस वर्षं लोकांची मापं घेते. मी तेव्हाच बोलले होते."

"हो."

"तू काय म्हणाली होतीस?"

"ओन्नी, जाऊ द्या ना."

"नाही, सांग. काय म्हणाली होतीस?"

"सॅक म्हणजे पँट नव्हे."

ती हसली. हसताना तिने पडदा बाजूला केला. मागे खिळ्याला तिची लाल सॅक लटकत होती. आधी मला ती दुसऱ्याच कुणाची वाटली. पट्टे खाली आले होते. चार बोटं खाली. उसवून, खाली आणून, जाड पांढऱ्या दोऱ्याने चार-चार वेळा शिवलेले. कमरपट्ट्यात घोंगडीचे तुकडे भरलेले. लाल रंगावर तो पांढरा दोरा इतका उठून दिसत होता, जणू मुद्दाम दिसावा म्हणूनच निवडलेला.

"डिसेंबरात केली," ती म्हणाली. "गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हापासून दर मंगळवारी चढते त्याच पायऱ्या. चौदा किलो घेऊन. सकाळी आठला. तू नऊला येतेस, मला माहीत आहे. तेव्हा मी उतरून खालच्या चहावाल्याकडे असते."

म्हणजे तो मंगळवार.

"बघितलंत मला पडताना?"

"तिथून दुसरं वळण दिसत नाही. काकडीवाला म्हातारा खाली येऊन सांगत होता, लाल सॅकवाली एक बाई उलट्या कासवासारखी पडली होती. मी म्हणाले, आमच्यातलीच असेल."

रताळं माझ्या हातात गार झालं होतं. मी म्हणाले, "निवाऱ्यावर जागा नऊ आहेत. रद्द केलेली नाही. चला आमच्याबरोबर. मी आत्ता गटात घेते तुम्हाला." फोन काढला.

"ठेव तो."

मी ठेवला.

"सहा महिने," ती म्हणाली. "तू मला दोन फोन केलेस. आता सॅक घेतलीस, पाठीला बरं वाटलं, म्हणून आलीस. रविवारी ही करडी घालून टुणटुण चढशील. मी पण चढेन माझी शिवलेली घेऊन. सगळे टाळ्या वाजवतील. आणि त्या दिवशी मी का थांबले ते कुणाला कळणार नाही. म्हणतील, हिवाळ्यात म्हातारीने पाय कमावले."

"मग काय करू?"

"रविवारी तुझी लाल घालून ये. आहे तशी. एक टाका न बदलता. नेहमीसारखी भर, मांस, किमची, सगळं. सगळ्यांसमोर चढ. मग मी येते."

"आणि जमलं नाही तर?"

इन्दोकने पँट उलटी केली, मशीनखाली सरकवली. "नियम कुणाचा आहे?"

मशीन सुरू झालं. मी उभी राहिले. निघताना तिने न बघता हात लांब केला आणि किमतीची चिठ्ठी कात्रीने कापली.


लाल की करडी

शुक्रवार. दोन्ही सॅक पलंगावर. नवरा म्हणाला, "दोन? पाठी किती आहेत तुला?" मी करडी भरली. सगळं बसलं, फक्त माझं. झोपायची पिशवी, कपडे, भात, पाणी, औषधं. घरात फिरले. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर. जिना उतरले, चढले. पुन्हा. शेजारीण म्हणाली, काही हरवलं का?

करडी रिकामी केली. लाल भरली.

लाल रिकामी केली.

शनिवार. किमची पिशवीत, पिशवी डब्यात, डबा पिशवीत. मांस वर्तमानपत्रात गुंडाळून गोठवायला. चार किलो. माझी शेवटची पूर्ण धार केव्हा झाली? गेल्या वर्षी. पुढच्या वर्षी मी चौसष्ट. डॉक्टरांनी हाडांचा फोटो बघून 'सध्या ठीक' म्हटलंय. सध्या. सेसोकच्या पठारावर मे महिन्यात जी फुलं येतात ती मी एकोणीस वेळा बघितली आहेत. विसाव्यांदा बघायची आहेत. एवढंच. यात वाईट काय आहे? करडी घालून गेले तर कुणाला काय कळणार आहे? इन्दोक ओन्नीला कळेल. ती येणार नाही. ती तशीही येत नव्हतीच. मग फरक काय?

फरक काय, फरक काय, असं म्हणत मी बाल्कनी ते स्वयंपाकघर.

दुपारी करडी भरली. संध्याकाळी लाल भरली. दोन्ही भरायला सामान पुरेना, म्हणून करडीत उशी घातली.


लाल

रविवार, सकाळी आठ. पायऱ्यांखाली सात लाल सॅक आणि एक माझी. इन्दोक नव्हती. चहावाल्याच्या बाकावर दोन बायका होत्या, त्यांतली एकही ती नव्हती. मी नवऱ्याला गाडीत करडी घेऊन थांबायला सांगितलं होतं. का, ते त्याने विचारलं नाही.

"आली कारभारीण, आलं जेवण!" कप्तान म्हणाले. माझी सॅक एका हाताने उचलून बघितली. "सोळा किलो! शाब्बास. बाकीच्यांनी शिका काहीतरी."

"ओन्नी, दात कसा आहे?" योनही म्हणाली.

"काढला."

चढायला लागलो. पहिल्या वळणापर्यंत मी बोलत होते. बोलत राहिलं की ओढ कमी वाटते. पानांच्या लोणच्याबद्दल बोलले. पहिल्या वळणानंतर बोलणं थांबलं. पट्टा खांद्यावर नव्हताच, मालक म्हणाले तसा, मधून हात गेला असता. कमरपट्टा खाली घसरला होता. मी पुढे वाकले, अजून वाकले, पायऱ्याच दिसायला लागल्या, दगड, दगड, कुणाचे तरी बूट, दगड. दुसरं वळण. कठडा.

मी थांबले.

चढू शकले असते का? मला अजून कळलेलं नाही. दात-ओठ खाऊन कदाचित. पण मागून ओढलं जात होतं, आणि या वेळी मला ते ओळखीचं होतं. मी पट्टे सोडले. सॅक खाली ठेवली. मांसाचा गठ्ठा दगडावर आपटला.

कप्तान वर बघायला लागले. योनहीने बाटली उघडली.

"पाय ठीक आहेत माझे," मी म्हणाले. "कुणीतरी मागून ओढतंय."

"ओन्नी," योनही हळूच म्हणाली, "हे तर..."

"हो. तेच. त्या दिवशी इन्दोक ओन्नी इथेच उभी होती आणि हेच म्हणाली. ती कमजोर नव्हती. ही सॅक कप्तानांच्या मापाची आहे. आपल्यातल्या बाकी कुणाच्याच मापाची नाही. नऊच्या नऊ मी घेतल्या. तिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि वर नियम लावला." श्वास घेतला. "नियमाप्रमाणे मी येत नाही. मांस वाटून घ्या."

"अगं, पण..." कप्तानांना शब्द सुचेनात. बस चालवताना सुचत असावेत. "कारभारीणच नाही तर आम्ही जायचं कसं?"

"जसं मी नसताना गेलात," खालून आवाज आला.

इन्दोक पायऱ्या चढत होती. तिची लाल सॅक पाठीला चिकटलेली, पांढरे टाके उन्हात दिसत होते. ती धापा टाकत नव्हती. कठड्याला हात लावत नव्हती. माझ्यापाशी आली, माझी सॅक बघितली, पट्ट्याचं टोक उलटून बघितलं: एक टाका बदललेला नव्हता. मग गळ्यातली पट्टी काढली.

"मान खाली घाल."

"मालकांनी मोजली आहे, ओन्नी. एकोणचाळीस."

"मी मोजलेली नाही. मान खाली."

सगळ्यांसमोर, दुसऱ्या वळणावर, मी मान खाली घातली. पट्टी पाठीवरून गेली. इन्दोक मोठ्याने म्हणाली, "अडतीस आणि थोडं. दुकानदार बायकांशी गोड बोलतो." मग कप्तानांकडे वळली. "नियम काय आहे, कप्तान? आपली सॅक आपल्या पाठीवर. बरोबर?"

"बरोबर."

"मग ही हिची आहेच कुठे? ही तुमची आहे. हिची खाली गाडीत आहे. नवरा भुईमूग खात बसलाय तिथे, मी बघून आले."

कप्तानांनी डोकं खाजवलं. योनहीच्या तोंडून हसू फुटलं, मग तिने स्वतःच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली हात घातला. हात पट्ट्यामधून आरपार गेला. ती हसायची थांबली. "ओन्नी," ती इन्दोकला म्हणाली, "माझीपण मोजा ना."

"रांगेत या. पुढची मान कुणाची?"

पायऱ्यांवर रांग लागली. एकेक माना खाली. देवळाकडे जाणारे लोक बाजूने वाट काढत होते, एकीने विचारलं, इथे कसली पूजा चाललीय? इन्दोक आकडे सांगत होती, योनही फोनमध्ये लिहून घेत होती. मी माझी लाल सॅक घेऊन खाली गेले. करडीतून उशी काढून नवऱ्याच्या मांडीवर टाकली, माझं सामान भरलं. मांस बाहेर राहिलं. किमची बाहेर राहिली. ते सगळं वर नेऊन दोन्ही हातांनी वाटलं, प्रत्येकाला थोडं, कप्तानांना जास्त, कारण त्यांची सॅक त्यांना बसत होती.

मग सगळे बाजूला झाले आणि मी पहिल्या पायरीपासून पुन्हा चढले. एकटी. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाशी मी सवयीने पुढे वाकले, कठड्याकडे हात गेला, आणि मी थांबले. ओढ यायची वाट बघत. ती येत नव्हती. पाठीवर बारा किलो होतं आणि ते कुठेच नव्हतं, फक्त कमरेवर, जिथे अंगठे ठेवले होते तिथे.

"पुढे हो, कारभारीण," इन्दोक मागून येत म्हणाली. "नियम आहे. आणि मागे रांग आहे."